चौथ्या होलचा उतार

चेणे गावाहून मुलाचा फोन आला, "आत्या गेली गं आई…" त्याला आता काही आठवडे झाले. कुमुदवन्सं, माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, फोर्टातल्या एका कंपनीत टायपिंग केलं, भाईंदर पूर्वेला आमच्याच घरात राहिल्या, शेवटी तेवढ्या चेण्याला माझ्या मुलाकडे, आणि जन्मात एकदाच खेळायची काठी हातात धरून एका गोल्फ कोर्सवर जीव लावला.

एकोणीसशे नव्वदच्या आसपास कंपनीचा दरवर्षी शहरातल्या एका जुन्या कोर्सवर सामना असे. साहेब खेळत, वन्सं गुण लिहीत, आणि घरच्यांनाही बोलावणं असे. पहिल्या वर्षी मी, नवी कोरी शहाणी, चौथ्या होलपाशी वाळूचा सुबक खड्डा पाहिला. वाटलं, मुलांसाठीच केलाय. चादर अंथरली, पोरांना किल्ला करायला बसवलं, पुरी-भाजीचा डबा उघडला. इतक्यात एक पांढरा चेंडू भाजीशेजारी येऊन पडला. मागे वन्सं धावत आल्या.

"मालू, ऊठ आधी. चेंडू अडकावा म्हणून केलाय हा खड्डा."

"मुद्दाम अडकवतात? मग बुजवून टाका की."

त्या इतक्या हसल्या! मग मला लांब नेऊन दाखवलं. डावीकडे ओढा. त्याला खेटून आलं की होलभोवतीची, झेंडा रोवलेली हिरवळ समोर मोकळी. घाबरून उजवीकडून आलं तर वाट रुंद, पण शेवटी ही वाळू ओलांडायची, आणि पलीकडे हिरवळ उतरती. "अडवलं कुणालाच नाहीये बघ. फक्त विचारलंय, धीर किती आहे? ज्याने आखलं तो माणूस मनकवडा असणार." मला मेलीला सगळं गवतच दिसत होतं.

दरवर्षी वन्सं त्या हिरवळीशी उकिडव्या बसत. उतार आपल्याला खरंच कळलाय का, एवढं एकदा बघायचं होतं त्यांना. पण खेळणार साहेबलोक. निवृत्तीच्या वर्षी मात्र मोठे साहेब म्हणाले, "बाई, इतने साल देखा, आज एक आप मारो."

वन्सं साहेबांची काठी घेऊन भलतीकडेच तोंड करून उभ्या राहिल्या.

"वन्सं, झेंडा इकडे आहे," मी ओरडले. सगळे हसले.

त्यांनी चेंडू हलकेच ढकलला. तो झेंड्यापासून लांबच निघाला… वरच्या अंगाला रेंगाळला, मग वळला, आणि कुणी बोट धरून आणावं तसा खाली येऊ लागला. हसणं थांबलं. होलच्या वीतभर अलीकडे चेंडू थांबला.

"फिर से मारो, जाएगा."

वन्संनी काठी परत दिली. "नको साहेब. वाटलं होतं, तिथंच वळला."

घरी सासूबाईंनी विचारलं, "गेला का आत?" वन्संनी उत्तरादाखल परात पुढे ओढली, मळलेली कणीक थापून तिच्यावर बोटाने उतार काढला आणि वरून वाटाणा सोडला. सासूबाई खाली वाकून बघत राहिल्या. पोळ्यांना उशीर झाला.

आता कणीक मळून झाली की, कुणी बघत नाही असं पाहून मीही वाटाणा सोडते. अजून एकदाही वन्संसारखा वळला नाही.