साहेबांसाठी साफ केलेला नाला

तीच गोष्ट शंभरदा सांगितली की लोकांना ती पाठ होते आणि समजत मात्र काडीची नाही. प्राणिशास्त्राचा मास्तर म्हणून हे मी तीस वर्षं पगार घेऊन भोगलं. निवृत्तीनंतर फुकटात भोगतोय.

भंडाऱ्याहून एसटीने तासाभरावर, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. गावामागच्या नाल्यात, दगडांच्या पोटाशी, तांदळाच्या दाण्याएवढा एक किडा राहायचा. मराठीत त्याला नाव असेल तर मला ठाऊक नाही. मी आपला दगडमाशी म्हणतो. पंख फुटेपर्यंतचं सगळं आयुष्य तो पाण्यात दगडाला चिकटून काढतो. पाणी जरा घाण झालं किंवा साचलं की मेला. आणि नेमका तिथेच सिमेंटचा बंधारा मंजूर झाला! बंधाऱ्याला माझी ना नव्हती. अर्धा किलोमीटर खाली सरकवा, धानाला पाणी तेवढंच मिळेल, एवढंच माझं म्हणणं. दोन वर्षं कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्यावर एक साहेब म्हणाले, "बुधवारी येतो. किडा दाखवा, जागा बदलतो."

मी गावात सभा घेतली. मोबाइलवर पंख फुटलेल्या माशीचा फोटो दाखवला, कारण माझ्याकडे तोच काय तो बरा आला होता. "ही फक्त स्वच्छ पाण्यात राहते," हे किती वेळा बोललो असेन, देव जाणे. सगळ्यांनी माना डोलावल्या. बचत गटाच्या अध्यक्षबाई तर म्हणाल्या, "सर, तुमी टेन्शन नोका घेऊ. आमी पाहून घेतो."

बुधवारी साहेबांच्या जीपमधून उतरलो आणि आधी नाल्याकडे पाहिलं. आपल्याकडे साहेब येणार म्हटलं की दगडाला चुना लागतो, हे मी विसरलोच कसा? नाल्यातला एकूण एक दगड उचलून पायवाटेच्या दोन्ही कडांना मांडला होता, एक चुन्याचा, एक गेरूचा. पाण्याखाली नुसती वाळू, तीही खराट्याने सारखी केलेली. साहेब खूश. हार झाले, नारळ झाला, चहा झाला. मग म्हणाले, "हं, दाखवा."

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी पाऊण तास पाण्यात वाकलो. एक धोंडा तेवढा बचत गटाच्या बायांना हलला नव्हता, तो मी आणि ड्रायव्हरने मिळून कलंडवला. खाली काही नाही. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. "सर, किडाच नाही तर मी लिहू काय?" म्हणाले आणि गेले. आज तिथे बंधारा उभा आहे.

जीप वळली तशी मी अध्यक्षबाईंवर ओरडलोच, "दगड काहून काढले?" मळणी सोडून दोन दिवस खपल्या होत्या बिचाऱ्या, चुन्याने हात फाटले होते. मला राग आवरेना, आणि त्यांना तो कशाचा हे कळेना.

"मंग? तुमीच त म्हणे ना, सोच्छ पाणी पाहिजे? दगडाखाली बारीक बारीक किडे वळवळून राहिले होते जी. तुमची माशी कशी येईन तिथं? एक एक वेचला, एकबी नाही ठेवला."

"टाकले कुठे?"

"कोंबड्यायले," त्या म्हणाल्या. "अशा तुटून पडल्या जी, का सांगू!"