दही, सॅनिटायझर आणि मागे गेलेला बॉल

माझ्या धाकट्या भावाच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीला आजवर पोहोचलेली एकमेव गंभीर इजा माझ्याकडून झालेली आहे, आणि तीही पूर्णपणे निर्जंतुक हातांनी.

कौस्तुभ जन्मतः कर्णबधिर आहे आणि टेनपिन बोलिंग खेळतो. म्हणजे गुळगुळीत लेनवरून जड बॉल सोडायचा आणि टोकाला उभ्या असलेल्या दहा पिना पाडायच्या. (शशीमामाला हे अद्याप पटलेले नाही. ‘ते सगळं ठीक आहे रे, पण विकेट किती काढल्यास?’ असे तो दर वेळी विचारतो.) कर्णबधिर खेळाडूंची आंतरराष्ट्रीय स्पर्धा ठाण्यातल्या एका मॉलमध्ये भरली, तेव्हा आई, मी आणि आंबिवलीहून आलेला मामा असे आम्ही तिघे डोंबिवलीहून पाठिंबा द्यायला निघालो. कौस्तुभला आमचा पाठिंबा नको होता, हा तपशील नंतर कळला.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. खुणांच्या भाषेत माणसाचे नाव दर वेळी अक्षरे जुळवून सांगत बसत नाहीत; कर्णबधिर मंडळी प्रत्येकाला एक खूण बहाल करतात आणि तेच त्याचे नाव होते. आईचे नाव कपाळावरचे ठसठशीत कुंकू. मामाचे नाव मिशीला दिलेला पीळ. माझे नाव चष्मा! पॉलिमर रसायनशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या मुलीला हे नाव अपुरे आहे, असे निवेदन मी कौस्तुभकडे अनेकदा केले होते. त्याने दर वेळी ते शांतपणे पाहून घेतले आणि पुन्हा चष्म्याचीच खूण केली.

आम्ही पोहोचलो तेव्हा उपांत्य फेरीचा शेवटचा गेम सुरू व्हायचा होता. कौस्तुभ अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर होता. हा एक गेम चांगला गेला की आत, नाहीतर घरी. आदल्या दिवसापासून तो संघासोबत राहत असल्याने एक अनर्थ घडला होता, आणि तो आईच्याच लक्षात आला.

“अगं, हातावर दही न घेता गेलाय तो! शाळेपासून एक परीक्षा अशी दिली नाही त्याने.”

“आई, ही परीक्षा नाहीये.”

“मग काय आहे?”

याचे उत्तर तिच्याच पिशवीत होते: स्टीलच्या डब्यात, साखर घालून, डोंबिवलीहून आणलेले.

प्रेक्षकांची जागा काचेच्या भिंतीमागे होती. मी दारावरच्या स्वयंसेविकेला ‘आम्ही तांत्रिक सहकारी आहोत’ असे इतक्या गांभीर्याने सांगितले की तिने आम्हाला खेळाडूंच्या बाकांमागे आणून बसवले. मामाने सवयीने “ए कौस्तुभ!” अशी हाक मारली. ती ऐकून फक्त कॉफीवाल्याने वळून पाहिले.

आईने पुढे जाऊन त्याच्या उजव्या तळहातावर दही ठेवले. आईला नाही म्हणण्यासाठी कोणत्याही भाषेत खूण नसल्याने त्याने ते मुकाट्याने चाटले. शेजारच्या लेनवरचा परदेशी खेळाडू हे बंदी घातलेले द्रव्य तर नाही ना, अशा नजरेने पाहत राहिला. तेवढ्यात कौस्तुभची पाळी आली. त्याने घाईने हात टॉवेलला पुसला आणि बॉल उचलला.

पुसल्याने दही जाते, साखर राहते. अंगठा बॉल धरायच्या भोकात चिकटला, उशिरा सुटला, आणि बॉल लेनवर दणकन आदळून सरळ कडेच्या पन्हळीत गेला.

“नो बॉल!” मामा ओरडला.

“मामा, तू गप्प बस रे. हा आसंजनाचा, म्हणजे चिकटण्याचा प्रश्न आहे.”

“मला नको शिकवूस हां! वागळे इस्टेटीतल्या कारखान्यात जन्मभर बेअरिंगं तपासलीत मी. गोल वस्तू कशी वागते ते मला विचार!”

दुसऱ्या बॉलला चार पिना पडल्या. कौस्तुभ आमच्याकडे आला आणि त्याने खुणेने अंगठा धुवायला पाणी मागितले. मी त्याला थांबवले. पाण्याने भोक ओले राहील. अल्कोहोल मात्र क्षणात उडून जाईल, हे साधे विज्ञान आहे! मी पर्समधून सॅनिटायझरची बाटली काढली आणि त्याच्या अंगठ्यावर आणि बॉलच्या भोकात सढळ हाताने ओतली. तो डाव्या हाताने काहीतरी सांगत होता. खुणांच्या भाषेचा मूलभूत नियम असा की समोरच्याकडे पाहावे लागते. मी बाटलीकडे पाहत होते. (तो ‘नको’ म्हणत होता. नंतर त्याने मला ती खूण पुन्हा करून दाखवली. अनेकदा.)

अल्कोहोल उडाले. त्वचा मऊ राहावी म्हणून जेलमध्ये घातलेले ग्लिसरीन उडाले नाही. कौस्तुभने पावले टाकली, हात मागे नेला, आणि बॉल त्याच्या हातातून निसटून मागे, आमच्या दिशेने आला.

त्या क्षणी बाकांवर बसलेल्या सर्व कर्णबधिर खेळाडूंनी एकाच वेळी पाय वर घेतले. ते पाहत होते. ऐकू येणारे आम्ही तिघे तेव्हा भांडत होतो.

“तरी म्हटलं, साखर कमी घाल!” मी आईला सुनावत होते.

“साखरेला नावं ठेवू नकोस हं तू!”

बॉल आईच्या पायाशी ठेवलेल्या दह्याच्या डब्याला लागला. आई, मामा आणि मी असे तिघेही दह्याने पांढरे झालो, आणि सभागृहात पूर्ण शांततेत असंख्य हात वर होऊन हलू लागले. कर्णबधिरांच्या टाळ्या अशाच असतात.

पंचांनी आम्हाला नम्रपणे काचेमागे नेऊन ठेवले. कौस्तुभने साबणाने हात धुतले आणि बॅगेतून दुसरा बॉल काढला. (त्याच्याकडे दुसरा बॉल आहे का, हे विचारायचे मला सुचले नव्हते.) त्यानंतर त्याने एकदाही आमच्याकडे पाहिले नाही, आणि एकामागून एक स्ट्राइक टाकले, म्हणजे एकाच बॉलला दहाच्या दहा पिना. आई काचेला कपाळ टेकून उभी होती. शेवटच्या पाळीला एक पिन डुलत राहिली. मामानेही श्वास रोखला. पिन पडली, आणि कौस्तुभ अंतिम फेरीत गेला.

दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीआधी त्याने काचेपलीकडून आमची ओळख इतर देशांच्या खेळाडूंना करून दिली. आईकडे बोट दाखवून कुंकू. मामाकडे दाखवून मिशी. मग माझ्याकडे दाखवून त्याने दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले आणि खांद्यावरून मागे काहीतरी फेकले. सगळ्यांनी ती खूण एकसाथ, अगदी अचूक करून पाहिली.

माझ्या नावाआधी ‘डॉक्टर’ लागायला अजून अवकाश आहे. नाव मात्र आंतरराष्ट्रीय पातळीवर झालेले आहे.