माहूजचा नंबर

मला अरबी वाचता येत नाही. बहारीनमध्ये अर्धं आयुष्य गेलं, यल्ला, खलास, इंशाल्ला यांच्या जोरावर संसार रेटला, पण अक्षराच्या बाबतीत मी ढ ती ढच. आकडे तेवढे येतात, दुकानांच्या पाट्या बघून बघून पाठ झाले. आणि तरी त्या पोराची पत्रं सगळ्यात आधी माझ्याच हातात पडायची. आता याला काय म्हणावं?

पोरगा आमच्या समोरच्या फ्लॅटमधला, सुदानी. बहारीनच्या माहूज भागातल्या याच इमारतीत लहानाचा मोठा झाला. शाळेतून आला की आधी आमचं दार वाजवायचा आणि थालीपीठ आहे का विचारायचा. आमच्या लेकीला नको असलेलं सगळं यानेच खाल्लं. पुढे कॉलेजसाठी खार्तूमला गेला, तिकडे आपसातच युद्ध पेटलं आणि हा सैन्यात गेला. गेला की नेला, हे त्याच्या आईलाही नक्की ठाऊक नाही.

तिथे त्यांना फोन जवळ ठेवू देत नाहीत. म्हणून तो कागदावर लिहितो, वरच्या कोपऱ्यात आईचा बहारीनचा नंबर घालतो आणि गावाकडे निघालेल्या कुणाच्या तरी हातात कागद देतो. त्या माणसाला नेट मिळालं की तो कागदाचा फोटो काढून त्या नंबरवर पाठवतो. म्हणजे नंबर हाच त्याचा घरचा पत्ता. त्याला तोंडपाठ असलेला एकुलता एक.

मग त्याच्या वडिलांची नोकरी गेली. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की आयडी कार्ड गेलं आणि कार्डाबरोबर सिमही बंद. बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच कुणाला देतात. नवराबायको कैरोला तिच्या बहिणीकडे निघाले, तेव्हा त्याची आई माझ्या दारात उभी राहिली. "उख्ती, ये नंबर तुम रखो." उख्ती म्हणजे बहीण. आमचं बोलणं असंच, अर्धं हिंदी, अर्धं अरबी, वर थोडं इंग्रजी. मी म्हटलं, ठेवते की, त्यात काय एवढं! दुकानात जाऊन सिम माझ्या नावावर करून घेतलं आणि लेकीच्या जुन्या फोनमध्ये घातलं. घोंगडं गळ्यात पडलंय हे कळायला मला वेळ लागला.

पहिलं पत्र आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात नाचले. एक ओळ कळत नव्हती, पण अक्षर ओळखीचं झालं. ओळी डावीकडे खाली घसरत जायच्या. आणि अरबी पाच म्हणजे खरं तर एक गोल, तो हा पठ्ठ्या कधी पुरा करायचा नाही, वर फट ठेवायचा. शाळेत मार खाल्ला असणार त्यापायी. मी पत्र कैरोला पाठवायची, ती फोन करून रडत रडत सांगायची. पायात बूट दुसऱ्याचे आहेत. डाळ खाऊन कंटाळा आला. उकाडा माहूजसारखाच आहे, फक्त एसी नाही. फोटो पाठवणाऱ्या प्रत्येकाला आम्ही कळवायचो, की बाबा, त्याला आईचा नवा नंबर सांग. पण ती वाटसरू माणसं, पुन्हा त्याला भेटतील तर ना! पुढच्या पत्रावर परत जुनाच नंबर.

यात मी एक घोळ घातला. आपल्या लोकांना सकाळी कुणाला तरी फूल आणि शुभ सकाळ पाठवल्याशिवाय चहा गोड लागत नाही. एकदा हाताच्या सवयीने त्या फोनवरून तिलाही झेंडू पाठवला. लगेच तिचा फोन, श्वास लागलेला, "खत आया?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हजारदा माफी मागितली आणि ते फुलांचं खूळ बंद केलं. तर काही दिवसांनी तीच म्हणाली, "उख्ती, फूल भेजो. फूल आया तो मालूम, नंबर जिंदा है."

झालं! तेव्हापासून रोज सकाळी एक फूल. तिला मराठी वाचता येत नाही, मला तिच्या पोराचं पत्र वाचता येत नाही, पण दोघींचंही अडलं नाही. तापात फणफणले तरी फूल. लेकीकडे कॅनडाला जायचं ठरवलं तेही रद्द केलं, मध्येच पत्र आलं आणि तिथे हा नंबर चालला नाही तर? लेक चिडली. "आई, यू आर नॉट रिस्पॉन्सिबल फॉर धिस!" तिचं चूक नव्हतं. मलाही कधीकधी तो फोन समुद्रात फेकून द्यावासा वाटायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्यात यंदा ह्यांचं काँट्रॅक्ट संपत आलं. कंपनी आणखी एक वर्ष द्यायला तयार होती, पण ह्यांना आता पुणंच हवं होतं. वाकडचा फ्लॅट वाट बघतोय, गुडघे बोलायला लागलेत. मी नंबर घेणारं कुणी मिळतंय का बघत फिरले. मंडळातल्या बायका, ह्यांच्या ऑफिसातले, खालचा दुकानदार. सगळे हळहळले आणि सगळ्यांनी हात वर केले. तिकडच्या सैनिकाचे मेसेज माझ्या नावावर? नको गं बाई. मी ह्यांना म्हटलं, "अहो, घ्या ना एक वर्ष."

"एका सिमकार्डापायी इथे सडायचं का आपण?" हे ओरडले. एरवी न ओरडणारा माणूस. मी ताट तसंच टाकून उठले.

गाडी विकायला सलमाबादच्या गॅरेजात गेलो, तेव्हाही आमच्यात अबोलाच होता. हे गिऱ्हाइकाशी बोलत होते, मी टायरांच्या ढिगाजवळ सावलीत उभी. पर्समध्ये फोन वाजला. फोटो. वर आमचाच नंबर. पण पाचाचा गोल पुरा होता. अक्षर उभं, टोकदार, ओळी सरळ आणि त्याही तीनच.

लिहिणारा हात त्याचा नव्हता. आणि त्याच क्षणी मनात आलं, सुटलो. खरंच आलं. त्या विचाराची मला इतकी किळस आली, की टायरावर बसूनच घेतलं. मग पत्र पुढे पाठवलं. दुसरं काय करणार होते?

तिचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती. पत्र त्याच्या सोबत्याने लिहिलं होतं. तुकडी बाहेर पडली, बाकीचे परतले, हा परतला नाही. मेलेल्यांत नाही, पकडलेल्यांतही नाही. कागदावर कुठला नंबर घालायचा, ते त्यानेच सोबत्याला आधी पाठ करायला लावलं होतं.

"नहीं मिला, उख्ती. मरा नहीं बोला," ती म्हणाली. "उसको यही नंबर मालूम है."

हे माझ्याकडे बघत होते. मी जेमतेम दोन वाक्यांत सांगितलं. हे वळून गिऱ्हाइकाकडे गेले, त्याच्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली. "खलास," म्हणाले. "गाडी नाही विकायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन हातात घेऊन नुसती बसले होते. अशा दिवशी कुठल्या तोंडाने शुभ सकाळ म्हणायचं? ह्यांनी चहा आणून ठेवला.

"पाठव गं," म्हणाले. "वाट बघत असेल ती."

मी जास्वंद पाठवली.