आण्णा आणि हेळव्याची वही

सगळं सुरू झालं ते माझ्या लेकीच्या सासूबाईंमुळे. लेक अमेरिकेत असते आणि जावई तिथल्याच एका शेतकरी घरातला. चहूबाजूंनी मक्याची शेतं आणि मधे एक चर्च, असं त्यांचं गाव. या बाईंनी आपल्या घराण्याचा वंशवृक्ष केला होता. एकोणिसाव्या शतकात त्या भागात येऊन ज्यानं पहिल्यांदा नांगर धरला, तिथपासूनचे सगळे त्यात होते. कोण कुठं जन्मला, कुणाचं लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं, कोण कुठल्या थडग्याखाली आहे, सगळं कागदोपत्री. व्हिडिओ कॉलवर त्यांनी तो मोठा कागद उलगडून दाखवला. नातवाच्या नावापासून उजवी बाजू गच्च भरलेली. डावीकडे आम्ही. माझ्या नवऱ्याकडच्या मंडळींनी सात पिढ्या धडाधडा सांगितल्या होत्या. कोरी राहिली ती माझ्या वडिलांची ओळ. आण्णा, त्यांच्यावर त्यांचे वडील बापू, आणि त्याच्यावर काहीच नाही.

आता आमच्याकडे कुठली आलीत थडगी! माणूस गेला की राख कृष्णेत. मी विनोद करून विषय बदलला. पण आण्णा शेजारीच बसले होते. कॉल संपल्यावर म्हणाले, "ब्याऐंशी झाली मला. माझ्या आज्याचं नाव मला ठावं न्हाई. आता कवा कळायचं?"

आण्णा लष्करातून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. या माणसानं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. मी तिथल्या तिथं ठरवलं, आता नाव घेऊनच यायचं.

अडचण एकच होती. आण्णांचं मूळ गाव विट्याच्या अलीकडे, येरळेच्या काठी. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढं कळेल. आण्णा तीन वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. दिरानं, म्हणजे हरीआबांनी, आजीला घरात राहणं नकोसं केलं. ती पोराला काखोटीला मारून कोरेगावजवळच्या माहेरी निघून आली, आणि मरेपर्यंत एकच सांगत राहिली, "त्या दारात पाणी प्यायचं न्हाई." आण्णांनी ते एकोणऐंशी वर्षं पाळलं. म्हणजे गावात न जाता गावातली नावं मिळवायची होती.

फेब्रुवारीअखेरीस पहाटे पाचला पुणं सोडलं. गाडी माझी जुनी, पण माझ्यासारखीच, कुरकुरते आणि पोचते. जाणाऱ्यांसाठी सांगते, खंबाटकी सातच्या आत ओलांडा, नाहीतर ट्रकांच्या मागं जीव जातो. साताऱ्यात पोहे आणि चहा, दोघांचे मिळून शंभर रुपये. तिथून कोरेगावला अर्धा-पाऊण तास.

कोरेगावात आण्णांचे मामेभाऊ दगडूमामा आमची वाट बघत होते. नावं गावात न जाता कशी मिळतील, हे मी त्यांनाच विचारलं.

"लय सोपं हाय," ते म्हणाले. "हेळवी गाठा की!"

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. हेळवी म्हणजे कुळांची वंशावळ सांभाळणारा माणूस. पूर्वी बैलावर बसून यायचा, आता मोटारसायकलवर येतो. सुगी झाली की दोन-तीन वर्षांतून एकदा दारात उभा राहतो, मूळ पुरुषापासून नावं म्हणून दाखवतो, घरात कोण जन्मलं, कोण गेलं ते वहीत लिहून घेतो आणि धान्य घेऊन पुढच्या दाराला जातो. दगडूमामांच्या हेळव्याचाच एक भाऊबंद येरळाकाठची कुळं बघत होता. नाव बसाप्पा, घर मिरजेच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेलगत. फोन नंबर हातात आला. अमेरिकेतल्या बाईंना हे कळलं असतं तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. त्या वर्षानुवर्षं स्मशानं हिंडल्या, आणि आमचं स्मशान मोटारसायकलवरून दारात येतं!

वाटेत औंधला थांबलो, कारण आजी आण्णांना दरवर्षी यमाईला चालत आणायची. "घर सुटलं तरी देवी सोडायची न्हाई, म्हणायची," आण्णा म्हणाले. डोंगरावर बऱ्याच उंचीपर्यंत गाडी जाते. उरलेल्या पायऱ्या आण्णा माझ्या आधी चढले, आणि वर पोचून "काय गं, दम लागला?" असं विचारलं. तिथलं वस्तुसंग्रहालय बघायला किमान दोन तास ठेवा. आम्ही अर्ध्या तासात उरकलं, ते चुकलंच.

विट्यात जेवलो. थाळी दीडशे, भाकरी गरम, आणि खर्डा असा की कानातून धूर निघावा. शेजारच्या टेबलावर दोघं बोलत होते. "कवा आलास रं?" "काल. यात्रेपत्तुर हाय. मग परत दुकानावर." सोनं गाळायच्या दुकानासाठी इथली माणसं देशभर पांगलेली आहेत. एका गल्लीत तर मी सलग पाच कुलपं लावलेली घरं मोजली. विट्याच्या आधी येरळेच्या पुलावर आण्णांनी गाडी थांबवू दिली नव्हती. मी हळू केली, तर म्हणाले, "चल, चल." मुक्काम मिरजेत केला. स्टेशनजवळ दोघांची खोली बाराशेला मिळाली, स्वच्छ होती, पण पंखा रात्रभर टकटक करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसाप्पाचं घर सापडायला वेळ लागला, कारण शिवेवर निम्म्या पाट्या कानडीत. "बर्री, बर्री," म्हणत त्यानं आत बोलावलं. साठीचा, किरकोळ बांध्याचा माणूस. आण्णांना खुर्ची दिली, स्वतःचे हातपाय धुतले, आणि लाल फडक्यातून वही सोडली. वही कसली, चांगला गठ्ठाच होता. जुनी पानं कानडी अक्षरात, अलीकडची मराठीत. आण्णांनी गाव, आडनाव आणि वडील-चुलत्याची नावं सांगितली. सातारा-सांगलीत दगड उचलला तर खाली कदम सापडतात, त्यामुळे नेमकं आमचंच कूळ सापडेल याची मला खात्री नव्हती. पण बसाप्पानं बोट फिरवलं, डोळे मिटले आणि एका सुरात म्हणायला लागला.

"कूळ कदम. देवी औंधची यमाई. मूळ पुरुष मालोजी. मालोजीचा येसाजी. येसाजीचा राणू. राणूची दोन, बापू आणि हरी."

"राणू," आण्णा म्हणाले. परत एकदा म्हणाले, "राणू." त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं. मी तर उघड रडले. काम झालं होतं. दोन दिवसांत वरच्या तीन पिढ्या!

तेवढ्यात बसाप्पा पुढं म्हणाला, "बापूचा शिवराम. शिवराम पलटणीत गेला, तिकडंच वारला. बिनलग्नाचा. घर बुजलं."

शिवराम म्हणजे आण्णा.

"हे कुणी सांगितलं?" मी ओरडलेच.

"घरच्यांनी. हरीनं. माझ्या बापानं लिवून घेतलंय."

आण्णा म्हणाले, "अरं बाबा, मी वारलो असंल तर सरकार पेन्शन कुणाला देतंय?" हसलं कुणीच नाही.

मी म्हटलं, खोडा ते. बसाप्पानं हात जोडले. "ताई, वहीतलं नाव दारात उभं ऱ्हाऊन लिवायचं असतंय. खोडायचं बी दारातच. त्या घरचा माणूस 'व्हय' म्हणला पायजे. मी आपल्या मनानं लिवाया लागलो तर ह्या वहीला कोण मानंल?"

त्याचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. आण्णांना म्हटलं, चला घरी. नावं मिळाली. त्या माणसांचं तोंडसुद्धा बघायला नको. आण्णा उठले, टोपी नीट केली. "आईनं पाणी पिऊ नको म्हणून सांगितलं व्हतं. उभं ऱ्हाऊ नको म्हणली नव्हती. बसाप्पा, वही घे."

तासगावमार्गे उलटे निघालो. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, रस्त्याकडेला पेट्या लावून विकणारे. शंभरला दीड किलो मिळाली, घासाघीस मी केली. मागच्या सीटवर बसाप्पा वही मांडीवर धरून बसला होता. द्राक्ष दिलं तर म्हणाला, हात चिकट हुत्यात, वहीला लागंल.

दुपारी तीनच्या सुमारास त्या दारात उभे राहिलो. हरीआबा जाऊन बरीच वर्षं झालेली. आता घर त्यांचा मुलगा हिंदुराव बघतो, वय अडुसष्टच्या आसपास. हेळवी दिसला म्हणून सगळी भावकी आपोआप जमली. बसाप्पानं आण्णा कोण ते सांगितलं, तशी हिंदुरावाच्या कपाळाला आठी पडली.

"जमिनीच्या उताऱ्यावर नाव लावाया आलाय व्हय?"

"गड्या, मला त्यातलं ढेकूळसुदिक नको," आण्णा म्हणाले. "मी मेलो न्हाई, एवढंच सांगाया आलोय."

"लिहून देते हवं तर," मी मधे पडले. "आत्ता, सगळ्यांसमोर."

हिंदुराव मान खाली घालून म्हणाला, "जमिनीचं ऱ्हाऊ द्या ताई. मी 'व्हय' म्हणलो तर माझा बाप खोटा ठरतोय. समद्या भावकीफुडं." मी बापाच्या नावासाठी आले होते आणि तोही बापाच्या नावासाठीच अडला होता.

तेवढ्यात उंबऱ्याच्या आतून त्याच्या बायकोचा, शालनवहिनींचा, आवाज आला. "आवं, मी बोलू का? ह्या घरात आल्यापासनं म्हाळाची पानं मीच वाढतीय." म्हाळ म्हणजे पितृपक्षात गेलेल्यांच्या नावानं ठेवायची पानं. "मामंजी एकेकाचं नाव घिऊन पान ठिवायचं. राणूआज्याचं, बापूदाजींचं. पलटणीत गेल्याल्याचं कवाच न्हाई. मी एकदा इचारलं, त्येंचं पान? तर म्हणलं, त्येचं नको. आनि तोंड फिरवून बसलं. जित्या माणसाचं पान ठिवायचं धाडस न्हाई झालं त्येंस्नी. ठावं व्हतं की!"

भावकीत कुजबुज झाली. हिंदुरावानं डोक्याचं मुंडासं काढून तोंड पुसलं. "व्हय," तो म्हणाला. "ल्ही बसाप्पा. माझ्या बापाला ठावं व्हतं. मी व्हय म्हणतोय."

बसाप्पानं उभ्यानंच रेघ मारली आणि वर लिहिलं, हयात. मग विचारलं, "पोरं?"

"एक लेक," आण्णा म्हणाले.

"लेकीला नाव असतं," मी म्हटलं.

"लेकी लिवत न्हाई आमी, ताई."

"मेलेलं माणूस जितं केलंस," आण्णा म्हणाले, "आता एका नावाला कशाला आडतोस रं?" भावकी खो खो हसली. बसाप्पानं माझं नाव लिहिलं, आणि मी रेटून लेकीचंही घालून घेतलं. शालनवहिनींनी पाण्याचा तांब्या आणला. आण्णांनी क्षणभर बघितलं आणि घटाघटा प्यायले.

संध्याकाळी बसाप्पाला मिरजेच्या एसटीत बसवलं, आणि कराडला मुक्काम करून तिसऱ्या दिवशी हमरस्त्यानं परत. पेट्रोल, टोल, खोली, खाणं धरून सात हजारांच्या आत प्रवास झाला. शिवाय बसाप्पासाठी शाळवाचं, म्हणजे ज्वारीचं, एक पोतं. विहीणबाईंनी पुरावा मागितला तेव्हा वहीच्या पानाचा फोटो पाठवला. त्यांना एक अक्षर कळलं नाही, पण कागदावर मालोजीपर्यंत सगळे चढले.

मला वाटलं होतं, गोष्ट इथं संपली. भाद्रपदात हिंदुरावाचा फोन आला, मी तो स्पीकरवर आण्णांपुढं धरला. "दादा, म्हाळाला या. तुमच्या वडिलांचं पान तुमीच ठिवायचं. आनि..." तो अडखळला. "आमच्या आबांचं बी तुमच्या हातानं ठिवलं तर बरं व्हईल."

माझी तार सटकली. फोन हातात असतानाच म्हटलं, "आण्णा, ज्यानं तुम्हाला जिवंतपणी मारलं, त्याचं पान तुम्ही का ठेवायचं?"

आण्णांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"त्यानं माझं ठिवलं न्हाई न्हवं?" ते मला म्हणाले. "म्हणून मी त्याचं ठिवणार." आणि फोनवर म्हणाले, "येतो रं हिंदुराव. चुलत्याला भाजी कंची आवडायची, ते तेवढं शालनला इचारून ठेव."