नानांनी न केलेली चोरी

“मी चोरी करणार नाय. चोरी सोडून बाकी काय पण सांग म्हणावं तिला.”

मोरिवलीला काकांच्या घरी पडवीत चपला काढता काढता हे वाक्य माझ्या कानावर पडलं. आत बोलत होते माझे सख्खे काका, म्हणजे नाना, आणि ऐकत होती काकू. अडचण तशी किरकोळ होती. नाना माझ्या फिल्मचे नायक होते आणि फिल्म एका चोराची होती.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एखाद्या अभिजात कादंबरीवरून छोटी फिल्म करायची होती. मी निवडलेल्या जुन्या इंग्रजी कादंबरीत एक माणूस एका विधवेचा एकुलता एक घोडा चोरतो. ती देशोधडीला लागते, तो आयुष्यभर आतून जळत राहतो आणि शेवटी तिच्या पायांवर डोकं ठेवतो तेव्हा कुठे माणसात येतो. सरांची अट एकच होती. फिल्म घरच्या, नात्यातल्या लोकांना दाखवायची, आणि नायक शेवटी सुधारला हे त्यांना समजलं का, ते त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून आणायचं. पास-नापास सगळं त्यावर.

घोड्याचा मी बैल केला. नानांकडे शर्यतीचा बैल आहे, झुपकेदार मिशा आहेत, आणि गावच्या नाटकात राजाचं काम करून कमावलेला आवाज आहे. पापी माणसाला लागतं ते सगळं त्यांच्याकडे तयार होतं. (असं मला अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसून वाटलं होतं.)

“बाय, ये आत,” नानांनी मला बघितलं. “मना सांग, गावात ह्या बैलाला कोण वळखत नाय?”

मी मान डोलावली.

“मंग मी माझाच बैल चोरून नेतोय, असं दिसंल ना?”

मुद्दा बिनतोड होता. पण खरं कारण वेगळंच होतं. माझी चुलत बहीण प्रणाली, नानांची एकुलती एक मुलगी, तिचं लग्न ठरलं होतं. हळदीला मांडवात मोठा स्क्रीन लागणार होता, आणि माझी फिल्म तिथेच दाखवायचं नानांनीच परस्पर जाहीर केलं होतं. सोनिवलीचे व्याही समोर बसणार आणि मुलीचा बाप पडद्यावर बैल हाकत पळणार, हे त्यांच्या मागाहून लक्षात आलं.

“कोंबडी चालंल?” काकूने तडजोड सुचवली.

“कोंबडी चालंल. पण मागून घेईन.”

इथे मी बोलायला हवं होतं. पण मी इंग्रजी माध्यमातली. घरात मी मराठीत तोंड उघडलं की काकू अशी कौतुकाने बघते, जणू बाळ पहिलं पाऊल टाकतंय. त्यामुळे मी बहुतेक वेळा मान डोलावते. आमच्याकडे त्याचा अर्थ ‘हो’ असाच घेतात.

“आणि मी विधवा-बिधवा व्हनार नाय,” काकू म्हणाली. “पोरीच्या लग्नाच्या तोंडावर कुंकू पुसू? बाईचा नवरा दुबईला हाय, असं कर.”

मी पुन्हा मान डोलावली.

कॅमेऱ्याला उल्हासनगरचे लच्छू अंकल होते. आमच्या घराण्यातली सगळी लग्नं त्यांनीच शूट केली आहेत, आणि त्यांची एक पद्धत आहे: हजर असलेला एकही माणूस फ्रेमबाहेर ठेवायचा नाही. “बाद में लोग गाली देते हैं, बेटा. सबका फेस आना मंगता.” त्यामुळे नाना निर्जन माळरानावर एकटेच भटकतात त्या दृश्यात त्यांच्यामागे आमचं अख्खं कुटुंब खुर्च्या टाकून बसलेलं आहे. माझी आई हात हलवते आहे.

चोरीचं दृश्य सुरू झालं. नाना दाराशी आले. कपाळाला आठ्या, डोळ्यांत अपराध. मी सुखावले.

“वैनी, एक कोंबडी नेऊ का?” नाना म्हणाले.

“न्या की,” म्हणत काकूने कोंबडी दिली. मग थांबली, आत गेली आणि तांदळाच्या दोन भाकऱ्या फडक्यात बांधून घेऊन आली. “दारात आलेल्याला नुसती कोंबडी कशी देऊ?”

“मस्त,” लच्छू अंकल म्हणाले.

पश्चात्तापाच्या दृश्यावर मात्र माझा भरवसा होता. नानांना मी कागदावर लिहून दिलं होतं: दुःखाची गोष्ट आठवा. त्यांना प्रणालीची पाठवणी आठवली आणि ते असे रडले की कॅमेऱ्यामागे आईही रडायला लागली. हुंदके देत ते काकूच्या पायाशी वाकले.

काकू टुणकन मागे सरली. “अवो, नवऱ्यानं पायाला हात लावायचा? मना कुठं पाप लावता?” आणि फिटंफाट करायला तिने पदर घेतला आणि तीच वाकून नानांच्या पाया पडली. नानांनी सवयीने आशीर्वाद दिला.

“कट,” मी म्हणाले. पण मनात.

हळदीच्या संध्याकाळी मांडव भरला. नवऱ्याची उष्टी हळद घेऊन सोनिवलीची मंडळी आली, पुढच्या खुर्च्यांवर बसली, आणि डीजे थांबवून फिल्म लागली. लच्छू अंकलनी एडिटिंगही स्वतःच्याच पद्धतीने केलं होतं. कोंबडी या हातातून त्या हातात गेली तेव्हा पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. काकू पाया पडली तेव्हा सनई वाजली. टाळ्या थांबेनात.

मी मोबाइल पुढे करून व्याह्यांसमोर उभी राहिले. माझं वर्ष त्यांच्या एका वाक्यावर अवलंबून होतं. त्यांनी फक्त ‘माणूस सुधारला’ एवढं म्हणायचं होतं.

“नाना, काम एक नंबर,” व्याही म्हणाले. “पण एक समजला नाय. देव माणूस. मागून कोंबडी नेली, बाईनं खुशीनं दिली. मंग तुमी रडत कशापायी व्हते?”

नानांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “बाय सांगंल. तिनंच लिवलाय.”

डीजेवाल्याने माझ्या हातात माइक दिला. सगळा मांडव माझ्याकडे वळला. समोर नाना, अंगाला हळद, मिशीला पीळ, शेजारी हिरव्या साडीत काकू. मी मान डोलावून पाहिली. स्पीकरमधून काहीच आलं नाही. लच्छू अंकलनी कॅमेरा माझ्यावर रोखला. काकू कौतुकाने पुढे सरकली, कारण बाळ पहिलं पाऊल टाकणार होतं.

मला त्या क्षणी फक्त कादंबरी दिसत होती. मी माइक तोंडाशी धरला, आणि आयुष्यात प्रथमच खणखणीत, स्वच्छ मराठीत, गावापलीकडच्या कारखान्यांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“नाना चोर आहेत. आणि काकू विधवा आहे.”