मुकादमाला न्यायला येणार होते

रविवारी सकाळी सातपासून चष्मेवाल्याने दुकानाचं कुलूप तीनदा उघडलं आणि तीनदा लावलं. सुट्टीचा दिवस, गिऱ्हाईक कुणी येणार नव्हतं. येणार होती ती वरच्या मजल्यावरच्या बाईंची मुलगी, अकरा वाजता. फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "मुकादमाचं काय ते बघायला येते." त्या 'काय ते बघायला'चा अर्थ चष्मेवाल्याने चार दिवस उलटासुलटा करून एकच लावला होता. ती त्याला घेऊन जाणार.

मुकादम म्हणजे कुत्रा. रंगाने तांबूस, एक कान उभा, एक पडलेला. जात कोणती म्हणाल तर चार-पाच जातींनी वर्गणी काढून केलेला. रोज सकाळी तो जिने उतरत प्रत्येक दारापाशी क्षणभर थांबायचा, मंडळी कामाला लागली की नाही ते बघितल्यासारखा, म्हणून बाईंनी त्याला हे नाव दिलं. बाई निवृत्त शिक्षिका. आठ महिन्यांपूर्वी मोरीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि मुलगी त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. स्ट्रेचरवरूनच त्यांनी साखळी चष्मेवाल्याच्या हातात दिली. "पंधरा दिवस सांभाळ रे," म्हणाल्या. पंधरा दिवसांचे आठ महिने झाले.

चष्मेवाला मूळचाच अस्वस्थ जीव. बावन्न वर्षांचा झाला तरी बूड म्हणून टेकायचं नाही. जेवायचा उभ्याने, पेपर वाचायचा येरझाऱ्या घालत. लग्नाचं दोनदा जमत आलं होतं, पण दोन्ही वेळा बोलणी चालू असताना हा इतक्यांदा उठला की समोरच्यांना वाटलं, ह्याला पसंत नाही. बिचाऱ्याला दोन्ही वेळा पसंत होतं.

मुकादम आला तेव्हा पहिल्याच दिवशी काच घासायच्या यंत्राखाली शिरला आणि ह्याच्या नडगीला पाठ टेकवून झोपला. पाय जरा हलला की डोकं उचलून बघायचा, असं बघायचा की हलवणाऱ्याला लाज वाटावी. म्हणून पाय हलवायची सोय राहिली नाही. मग हा खुर्चीत बसून जेवायला लागला. संध्याकाळी दुकान बंद झालं की दोघं पायरीवर बसायचे आणि हा दिवसभराच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी त्याला सांगायचा. रात्री कुलूप एकदाच लावायचा. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी त्याची थोरली बहीण एकदा बघून म्हणाली, "आईने जन्मभर आटापिटा केला, तू शेवटी कुत्र्याचं ऐकलंस!" आणि डोळे पुसले.

मुलीचा फोन आल्यापासून सगळं फिसकटलं. शनिवारी त्याने बेकरीवाल्याच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवली. बेकरीवाला तो लावून दुकानाबाहेर पडला आणि जी पायरी नव्हतीच ती उतरायला गेला. तीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती. त्याची माफी मागून, काचा बदलून देऊन हा मुकादमाला घेऊन तडक बहिणीकडे गेला.

"अरे, मग सरळ माग ना तिच्याकडे," बहीण म्हणाली. "तोंड दिलंय ना?"

"नाही म्हणाली तर?"

"तर नाही. तिच्या आईचा कुत्रा आहे तो."

"ताई, उद्या दुपारपर्यंत तुझ्याकडे ठेव. मी सांगतो, पळाला म्हणून."

बहिणीने कपाळावर हात मारला. "तुझं डोकं फिरलंय," म्हणाली. पण ठेवून घेतला. नाही म्हणणं तिला कधीच जमलं नव्हतं, निदान ह्याला तरी.

अकरा वाजून पाच मिनिटांनी बाईंची मुलगी आली. पंचेचाळिशीची, प्रवासाने दमलेली. ती स्टुलावर टेकायच्या आतच ह्याने सुरुवात केली.

"काय सांगू तुम्हाला, मुकादम गेला हो. पळाला. तीन दिवस झाले. सगळीकडे शोधलं. बाजारात, स्टेशनवर, नदीवर..."

नदी कुठून आली ते त्यालाही कळलं नाही. मुलगी मात्र एकदम खालीच बसली.

"अरे देवा," ती म्हणाली. "मी तुम्हाला विचारायला आले होते हो, कायमचा ठेवाल का म्हणून. आमच्याकडे दोन खोल्या आणि ह्यांना दमा. कुत्रा आणायचा कसा? आईला कसंबसं समजावलं. ती म्हणाली, त्यालाच विचार, दुसऱ्या कुणाला देऊ नको."

जे कुणी आपणहून हातात ठेवायला आलं होतं, ते चष्मेवाल्याने स्वतःच्या तोंडाने नाहीसं केलं होतं. आता खरं सांगावं तर लबाड ठरणार, आणि लबाडाच्या हाती कुत्रा कोण सोपवेल? न सांगावं तर मुकादमाला जन्मभर बहिणीच्या घरात कोंडून ठेवायचं. तो उठला, बसला, परत उठला.

तेवढ्यात मुलीचा फोन वाजला. "आईच आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "मला नाही सांगवणार. तुम्हीच सांगा." तिने फोनचा स्पीकर लावून तो टेबलावर ठेवला.

"काय रे, कसा आहेस?" बाईंचा आवाज बारीक झाला होता, पण त्यातला दरारा वर्गातलाच होता. "मुकादम जेवला का?"

चष्मेवाला फोनवर वाकला. 'पळाला' हा शब्द ओठापर्यंत आला. आणि त्याला दिसलं की हा शब्द तिकडे पोचला की म्हातारी आज जेवणार नाही, उद्याही नाही.

"जेवला, बाई," तो म्हणाला. "ताईकडे आहे. मी लपवलाय त्याला. तुम्ही न्याल म्हणून. ह्यांना आत्ताच खोटं सांगितलं मी."

मुलगी ताडकन उभी राहिली. "म्हणजे? मी इथे रडतेय आणि तुम्ही... आई, ह्या माणसाकडे कसा ठेवायचा गं?"

पलीकडे बाई हसल्या असाव्यात, नीट कळलं नाही.

"अगं, चौतीस वर्षं पोरं सांभाळली मी," त्या म्हणाल्या. "नकोशी वस्तू कुणी दप्तरात लपवत नाही. राहू दे त्याच्याकडेच."

चष्मेवाल्याला हुंदका आवरेना. बावन्न वर्षांचा बाप्या, बाहीने डोळे पुसत राहिला. कसाबसा म्हणाला, "बाई, मी दर महिन्याला घेऊन येतो त्याला, तुम्हाला भेटायला. बसने येतो. काही त्रास नाही."

"नको," बाई लगेच म्हणाल्या. "आणू नकोस हं. माझ्यासमोर आला तर मलाही लपवावा लागेल."

फोन बंद झाला. मुलीने तो पर्समध्ये टाकला, चष्मेवाल्याकडे न बघताच चपला घातल्या आणि दारात थांबली.

"चला," ती म्हणाली. "मला तरी दाखवा."