मुका डबा

वैद्यभाऊ आमच्या घरी पहिल्यांदा आले ते सरळ स्वयंपाकघरात शिरले. नवीन बिऱ्हाड आलंय म्हणून विचारपूस करायला आले असतील, असं वाटून मी पाट मांडला. पण त्यांचं लक्ष पाटाकडे नव्हतंच, ते फळीवरच्या डब्यांकडे होतं. त्यांनी वनस्पती तुपाचा डबा खाली काढला, बोटाच्या पेराने त्यावर टकटक केली आणि तो कानाशी धरून बराच वेळ ऐकत उभे राहिले. मग बिस्किटांचा डबा ऐकला. मग दुधाच्या पावडरीचा. आजाऱ्याला तपासून झाल्यावर डॉक्टर घरच्यांकडे वळतो तसे ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मुके हायेत, बाई. तिन्ही मुके हायेत."

मला काही कळलं नाही हे त्यांना दिसलं असावं. पाटावर बसून त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. "आंबा सडला तं वासानं सांगते. दूध नासलं तं फाटून सांगते. वांग्यात अळी असली तं भोक पाडून सांगते. डबा काही सांगत नाई. जो बोलत नाई त्याचं काऊन खाऊन राह्यल्या?" मी नागपूरची. आमच्याकडे डब्याला कोणी काही विचारत नसे. मी चहा ठेवला. चहाची पुडीही त्यांनी ऐकली, पण चहा घेतला.

आलापल्लीच्या पुढे सिरोंच्याच्या वाटेवर जंगल खात्याचा लाकडाचा डेपो होता. तिथे ह्यांची कारकुनी. पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे. आमचा जिल्हा तेव्हा चांदा म्हणूनच ओळखला जाई. गाव म्हणजे डेपो, धानाच्या बांध्या, आठवड्याचा बाजार आणि वैद्यभाऊ. वैद्य हे त्यांचं आडनाव नव्हतं आणि शिक्षणही नव्हतं. वडील झाडपाल्याचं औषध देत, म्हणून मुलगाही वैद्य, असा तो सरळ हिशेब होता. भाऊंची स्वतःची धानाची शेती होती, पण तिकडे ते पाहुण्यासारखे जात. त्यांचा खरा धंदा गावाची तब्येत राखण्याचा, आणि गावाच्या तब्येतीला धोका एकाच बाजूने होता: मोटारीच्या टपावरून येणाऱ्या डब्यांचा.

वनस्पती तुपाने डोळे जातात अशी बोलवा त्या काळी सगळीकडेच होती. भाऊंनी त्यात आपल्या पदरची भर घातली. बिस्किटाने दात हलतात, डब्यातल्या दुधाने पोरं अबोल होतात आणि रंगीत गोळ्यांनी माणूस आतून रंगतो, असं ते छातीठोकपणे सांगत. माझ्या घरी आले की बसल्या बसल्या माझे डोळे तपासायचे आणि अजून दिसतं याबद्दल थोडे नाराज व्हायचे.

एकदा आमच्याकडे आलेल्या जुन्या वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं की डबाबंद पदार्थ टिकावेत म्हणून त्यात रसायने मिसळतात. भाऊ वाचलेलं पान घेऊन तसेच बाजारात गेले आणि शेटच्या दुकानासमोर उभे राहून ओरडून सांगू लागले, की या डब्यांमध्ये रसायन घातलेलं असते, छापून आलं हाये. आता आमच्या त्या मुलखात रसायन हा शब्द लोकांना ठाऊक होता तो एकाच अर्थाने. भाऊ स्वतः आवळ्याचं जे औषध बनवत त्याचं नाव रसायन. खोकला, अशक्तपणा, बाळंतिणीचं दुखणं, सगळ्यावर तेच. ते रसायन शेटच्या डब्यात मिळतं, आणि तेही खुद्द वैद्यभाऊ सांगून राह्यले, म्हटल्यावर लोक दुकानावर तुटून पडले. तळाशी गंज चढलेले डबेसुद्धा शिल्लक राहिले नाहीत. शेट सिरोंच्याकडचा, अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलणारा, व्यवहाराला चोख माणूस. त्याने संध्याकाळी भाऊंकडे बिस्किटांचा एक पुडा भेट पाठवला. भाऊंनी तो टकटक करून ऐकला आणि परत पाठवला. त्या दिवसापासून डब्यातल्या रसायनाला ते 'इलायती माती' म्हणायला लागले.

त्यांच्या रसायनाबद्दल सांगितलं पाहिजे. थंडीत आवळे आले की अंगणात मोठी कढई चढायची. आवळे, हिरडा, बेहडा, सुंठ, आणखी कसल्या कसल्या साली, आणि या सगळ्यावर ओंजळीओंजळीने खडेमीठ. आठवडाभर उन्हात ठेवून ते भरायचे, आणि भरायचे कशात? तर वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यांत. लोकांनी आतलं तूप खाल्लं की डबा मात्र भाऊ मागून न्यायचे, राखेने घासायचे, वरचं चित्र खरवडून काढायचे. दुसऱ्या कशाचं झाकण इतकं घट्ट बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा विचारलं, "भाऊ, मग हा डबा बोलतो का?" ते शांतपणे म्हणाले, "याच्यासाठी मी बोलतो नं जी."

आणि मिठावर त्यांचा जीव होता. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, पण मीठ हे समुद्राचं औषध आहे असं ते सांगत. धोतराच्या कनवटीला कागदात बांधलेले खडे नेहमी असायचे. पेरू दिसला पेरूवर, चिंच दिसली चिंचेवर, काहीच दिसलं नाही तर नुसतेच जिभेवर. गोदावरीची खारवलेली सुकी मासळी सिरोंच्याहून यायची, ती भाऊंकडे शेटच्या दुकानाआधी पोचायची. शेटच्या डब्यातल्या मिठाला मात्र ते मेलेलं मीठ म्हणत. मेलं कसं, ते आम्हाला कधी समजलं नाही.

एका उन्हाळ्यात त्यांचे पाय सुजले. आधी त्यांनी चपलेला दोष दिला, मग डेपोतल्या खडीला. डोकं गरगरून ते बांधावरच बसले, तेव्हा त्यांच्या बायकोने, वैनींनी, हट्ट धरून त्यांना चांद्याला डॉक्टरकडे नेलं. परत आले ते मोटारीतून उतरले तसेच बाजारात गेले. घरी जाण्याआधी त्यांनी सगळ्या बाजाराला सांगितलं की डॉक्टरने आपल्यासारखंच मत दिलं आहे. रक्ताचा जोर वाढलेला आहे, हृदय थकलेलं आहे, आणि मीठ, खारवलेलं, डब्यात भरून ठेवलेलं काही खायचं नाही, नाहीतर माणूस जातो. आपण मरणार आहोत ही बातमी इतक्या आनंदाने सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि त्यांनी पथ्य पाळलं, हेही खरं. वरण अळणी, भाजी अळणी, मासळी बंद, कनवटीची पुडी वैनींच्या स्वाधीन. तरी पाय उतरेनात. उलट सूज घोट्याच्या वर चढली. एका दुपारी वैनी माझ्याकडे आल्या आणि चुलीपाशी बसून रडल्या. अळणी जेवण घशाखाली उतरत नाही म्हणून भाऊ आता दोन्ही जेवणांना वाटीभर रसायन घेत होते. पूर्वी चमचाभर घ्यायचे. वैनींनी हटकलं तर म्हणाले, औषध जेवणात धरत नाहीत. उपासालाही औषध चालते, पथ्याला काऊन नाई चालणार.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले आणि स्पष्ट बोलले. म्हटलं, "भाऊ, डॉक्टरने सांगितलेला डबा तुमच्या कोनाड्यात आहे. तुमच्या रसायनात सगळ्यात जास्त काय असेल तर ते मीठ आहे." भाऊंनी कोनाड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते मीठ नाई, बाई. ते औषधात मुरलं. मुरलं का त्याचं औषध होते." मी म्हटलं, तुमच्या पायांना हे कोणी सांगितलेलं दिसत नाही. ते उठून आत गेले. त्यानंतर बरेच दिवस आमच्याकडे आले नाहीत. रस्त्यात दिसले तरी माझ्या पिशवीकडे बघून, त्यातला डबा हेरून पुढे जात. मला वाईट वाटायचं, रागही यायचा. या माणसाला वाचवायचं तर त्याच्या उभ्या आयुष्याला खोटं पाडायचं, याखेरीज दुसरा मार्ग दिसत नव्हता.

मार्ग वैनींनी काढला. त्या थंडीत कढई चढली तेव्हा भाऊंना उभं राहवत नव्हतं, म्हणून सगळं काम त्यांच्याकडेच होतं. साली घातल्या, सुंठ घातली, ऊन दाखवलं. मीठ घातलं नाही. घरचा डबा वेगळा करायचा तर भाऊंना संशय येणार, म्हणून सगळेच डबे बिनमिठाचे. भाऊंनी पहिली वाटी तोंडाला लावली आणि बायकोकडे पाहिलं. या वर्षी आवळाच फिका हाये, असं वैनी म्हणाल्या, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. डबे नेहमीप्रमाणे बाजारात गेले.

पुढच्या बाजाराला मी तिथेच होते. आतल्या जंगलातल्या पाड्यावरची एक म्हातारी दर खेपेला चारोळी घेऊन यायची आणि बदल्यात रसायन न्यायची. ती रसायनाने भरलेला पानाचा द्रोण हातात धरून आली आणि तो भाऊंच्या पुढ्यात ठेवला. त्यावर पांढरी बुरशी आलेली होती. थोडं गोंडी, थोडं मराठी असं बोलत ती म्हणाली, "यातलं औषध निंगून गेलं, भाऊ." कसं निघून गेलं, असं भाऊंनी विचारलं. तिने सांगितलं. तिच्या पाड्यावर भाऊंचं रसायन कोणी आजारी पडलं म्हणून खात नव्हतं. मीठ तिकडे पोचत नसे, पोचलं तर महाग. म्हणून आवळे चोखून टाकायचे आणि खालचं पाणी पेजेत घालायचं. सगळा पाडा इतकी वर्षं तेच करत होता. भाऊंच्या वडिलांच्या हातचं रसायनही तिने तसंच खाल्लं होतं. आणि या खेपेला पेज अळणीच राहिली.

भाऊंनी एक आवळा उचलला, चाखला, बुरशीकडे बघितलं. मला वाटलं आता बायकोवर चिडतील. त्यांनी म्हातारीला कनवटीतली मिठाची पुडी काढून द्यायला हात नेला, आणि पुडी तिथे नाही हे आठवून हात तसाच ठेवला. मग माझ्याकडे वळून, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाले, "माझाबी डबा मुकाच व्हता, बाई."

दुसऱ्या दिवशी ते सगळे डबे रिकामे करून, घासून आमच्या दारात घेऊन आले. डेपोत ओंडक्यांवर नंबर टाकायला काळा रंग असायचा, तो ह्यांनी वाटीत आणून दिला. भाऊ सांगत गेले आणि मी डब्याडब्यावर लिहीत गेले: "यात मीठ आहे. पाय सुजणाऱ्याने खाऊ नये." आमच्या तालुक्यात आतला माल बाहेर लिहिणारा तो पहिला कारखानदार असावा. नवीन कढई चढली, मीठ पूर्वीसारखंच पडलं, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना भाऊ स्वतः वाचून दाखवू लागले. आपला धंदा आता बसणार अशी त्यांची खात्री होती. झालं उलटंच. आत मीठ आहे हे वैद्यच कबूल करतो म्हटल्यावर जंगलातली गिऱ्हाइकं दुपटीने यायला लागली. शेटने तर विचारलं, हे असं लिहायला कोणी शिकवलं. भाऊंना हसू आवरेना. त्यांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी स्वतः मात्र त्या दिवसापासून मिठाला हात लावला नाही. वाटीभर नाही, चमचाभर नाही. सूज थोडी उतरली, पण डॉक्टरने वैनींना बाजूला घेऊन सांगितलं की मीठ सोडलं ते चांगलं केलं, उशिरा सोडलं.

आमची बदली झाली. मोटार निघायच्या वेळी भाऊ काठी टेकत आले. तेवढं चालायलाही त्यांना बांधावर दोनदा बसावं लागलं होतं. हातात एक लहान डबा होता. झाकणावर काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी सवयीने टकटक केली. ते म्हणाले, "बिनमिठाचं हाये. तुमच्यापुरतं केलं. टिकत नाई, लवकर खाऊन घ्या." मग काठीवर भार देत म्हणाले, "आता मलेबी तेच लागू हाये." मोटार सुरू झाली, मी डबा मांडीवर घेतला.

ते रसायन अगदी बेचव होतं. तुरट, कडवट, जिभेला कशाचाच आधार नाही. ह्यांनी एक घास घेऊन वाटी बाजूला सारली. मी रोज खाल्लं, बुरशी धरायच्या आत संपवलं, एक आवळासुद्धा टाकला नाही. पावसाळा उलटल्यावर डेपोतला एक माणूस नागपूरला आला होता, त्याच्याकडून भाऊ गेल्याचं कळलं.

आता माझंही वय झालं आणि माझंही मीठ डॉक्टरने बंद केलं आहे. मुलगा दुकानातून पुडे आणतो, त्यांच्या मागे आत काय काय आहे ते सगळं छापलेलं असतं. इतकं बारीक, की भिंग घेऊन उजेडात जावं लागतं. मी जाते, वाचते. मिठाचा आकडा सापडला की पुडा परत पाठवते. आणि अजूनही, कोणी बघत नसलं तर, उघडण्याआधी पुडा कानाशी धरते.